हिरवा चहा, वनौषधि आणि यकृत

मराठी भाषेनें यकृताची उपेक्षा केली आहे. खाटकाच्या दुकानांत कलेजी म्हणजे यकृत. परंतु त्याच कुळांतला काळीज हा शब्द काव्यांत शिरला कीं त्याचा अर्थ हृदय असा होतो. काळीज धडधडतें, काळीज तुटतें, काळजाला घरें पडतात. सर्वत्र मान हृदयाचा. यकृताला स्वतःचें म्हणून जें नांव उरलें तें वैद्यकाच्या पुस्तकांत, आणि घरांत त्याचा उच्चार व्हायचा तो कोणाचे डोळे पिवळे दिसूं लागल्यावर.

ह्या उपेक्षेला कारणहि तसेंच आहे. यकृत सहसा दुखत नाहीं. उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला, मोठ्या माणसांत सुमारें सव्वा ते दीड किलोग्रॅम वजनाचा हा अवयव आपल्या कष्टांची वाच्यता करीत नाहीं. बराच भाग निकामी झाला तरी उरलेल्या भागावर तो संसार चालवून नेतो. जो अवयव दुखत नाहीं तो बरा आहे कीं नाहीं हें ज्याचें त्याला कळत नाहीं, आणि जें कळत नाहीं त्याच्यासाठीं कांहीं तरी घेऊन ठेवावें असें वाटणें मनुष्यस्वभावाला धरून आहे. औषधांच्या दुकानांत हिरव्या चहाचा अर्क, हळदीचें सत्त्व, भुईआवळी, कुटकी, गुळवेल ह्यांच्या गोळ्या आणि कॅप्सूल ओळीनें मांडलेल्या दिसतात, आणि त्यांच्या वेष्टनांवर यकृताचें संरक्षण, शुद्धि, बळ असे शब्द छापलेले असतात. हे शब्द सर्वस्वी खोटे असते तर त्यांचा निकाल एका वाक्यांत लागला असता. ते अर्धे खरे आहेत, आणि म्हणूनच त्यांची फोड करणें भाग आहे.

प्रथम यकृताचें काम. अन्न व औषधें ह्यांतून आंतड्यांत शोषलें गेलेलें बहुतेक द्रव्य एका मोठ्या शिरेवाटे आधीं यकृतांत येतें आणि मगच बाकीच्या शरीरांत जातें. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकीं सुमारें तीन चतुर्थांश रक्त ह्याच वाटेनें येतें. एखाद्या जुन्या शहराच्या वेशीवर जकातीचा नाका असावा, तशी ही जागा आहे. आलेला माल उघडावा, तपासावा, जरूर तर त्याचें रूप पालटावें, आणि जो ठेवण्याजोगा नसेल त्याला पित्तांतून किंवा मूत्रांतून बाहेरची वाट दाखवावी, हा त्या नाक्याचा धंदा. परंतु मालाचें रूप पालटतांना कधीं कधीं मूळ द्रव्याहून अधिक दाहक द्रव्य क्षणभर निर्माण होतें. घरोघरीं असलेली पॅरासिटॅमॉलची गोळी हें ह्याचें उत्तम उदाहरण. योग्य मात्रेंत तिचा अल्प अंशच अशा दाहक रूपांत जातो आणि यकृतांतील ग्लुटाथायोन नांवाचें द्रव्य त्याला तत्काळ बांधून टाकतें. मात्रा फार झाली कीं ग्लुटाथायोनचा सांठा संपतो आणि तेंच द्रव्य पेशींना जाळूं लागतें. तात्पर्य, यकृताकडे येणारा पाहुणा निरुपद्रवी आहे कीं नाहीं हें त्याच्या कुळावरून ठरत नाहीं. तो किती संख्येनें आला, किती वेळांत आला आणि आंत आल्यावर त्याचें काय झालें, ह्यावर तें ठरतें. पाहुणा वनस्पतीच्या घराण्यांतला असला तरी त्याला ह्या नियमांतून सूट नाहीं.

आतां हिरवा चहा. महाराष्ट्रांत हिरवा म्हणतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें परसांतला गवती चहा उभा राहतो. तें सुगंधी गवत आहे. चहाच्या झाडाशीं त्याचें नातें केवळ नांवापुरतें. येथें प्रस्तुत असलेला हिरवा चहा आणि रोजचा काळा चहा हे मात्र एकाच झाडाच्या पानांचे, फरक फक्त कृतीचा. काळ्या चहासाठीं पानें चुरगाळून हवेंत ठेवतात, तेव्हां त्यांतील रस प्राणवायूशीं संयोग पावून तपकिरी होतो. हिरव्या चहासाठीं खुडलेलीं पानें लवकरच वाफेवर किंवा तापलेल्या कढईंत धरतात; त्यामुळें हा पालट घडवून आणणारें विकर निकामी होतें आणि पानाचा रंग व तुरटपणा टिकून राहतो. जपानांत वाफेची रीत, चीनमध्यें बहुधा कढईची. भारतांत कांगड्याच्या खोऱ्यांत असा चहा होतो, आणि काश्मिरी कहवा ह्याच पानांचा करतात. तो तुरटपणा ज्या द्रव्यांमुळें येतो त्यांना कॅटेचिन म्हणतात. त्यांतील प्रमुख द्रव्याचें नांव एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट असें जिभेला वळसे घालणारें असल्यामुळें शास्त्रज्ञ त्याला ईजीसीजी म्हणतात. येथेंहि तेंच सोयीचें. एका पेल्यांत तें साधारणपणें ५० ते १०० मिलिग्रॅम उतरतें.

ह्या चहाची यकृताच्या संबंधांतली कीर्ति मुख्यतः जपानांतून आली. १९९५ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें सैतामा प्रांतांतील योशिमी ह्या गांवची एक पाहणी प्रसिद्ध झाली. चाळिशी उलटलेल्या १,३७१ पुरुषांना ते दिवसाकाठीं किती पेले हिरवा चहा पितात हें विचारण्यांत आलें आणि त्यांचें रक्त तपासण्यांत आलें. यकृताच्या पेशी फुटल्या म्हणजे त्यांतील कांहीं विकरें रक्तांत सांडतात. रक्तांतील त्यांचें प्रमाण हें यकृताच्या दुखापतीचें माप समजलें जातें. जे अधिक चहा पीत, विशेषतः दहा पेल्यांहून अधिक, त्यांच्या रक्तांत हीं विकरें कमी आढळलीं. जपानी पेला लहान असतो हें खरें. पण दहा हा आंकडा लहान नव्हे.

पाहणी प्रामाणिक होती. तिच्यावरून जाहिरातींनीं पुढें जें अनुमान काढलें तें मात्र तिच्यांत नव्हतें. एकाच वेळीं चहा विचारला आणि रक्तहि तपासलें, तर आधीं काय व मागून काय हें कळण्यास मार्ग राहत नाहीं. ज्याचें यकृत बिघडलें आहे त्याची अन्नावरची वासनाच उडालेली असते, तो चहाहि कमी पिणार. अशा माणसाच्या रक्तांतील विकरें वाढलेलीं पाहून चहा न पिण्याला दोष देणें म्हणजे घोड्यापुढें गाडी जुंपणें होय. शिवाय दहा पेले चहा पिणाऱ्या माणसाच्या इतर सवयीहि चारचौघांहून निराळ्या असतात, आणि त्या साऱ्यांचा हिशेब मांडणें कोणालाच पुरतेपणीं साधत नाहीं. यकृतांत चरबी सांठलेल्या रोग्यांवर अलीकडे जे लहान लहान प्रयोग झाले, त्यांपैकीं कांहींत हिरव्या चहानें ह्या विकरांचें प्रमाण थोडेंसें उतरलें. पण ते थोड्या आठवड्यांचे आणि थोड्या माणसांवरचे. मात्र ह्या सर्वांतून एक गोष्ट हातीं लागते, आणि ती लहान नाहीं: पाण्यांत उकळलेली पानें गाळून पिण्याची जी पिढीजात रीत आहे, तिच्यानें यकृताला अपाय झाल्याचें क्वचित्‌च ऐकूं येतें.

मग संरक्षणाचा इतका गवगवा झाला तो कशावरून? बव्हंशीं उंदरांवरून. वनस्पति यकृताला उपकारक आहे कीं नाहीं हें पाहण्याची जगभर रूढ झालेली एक रीत आहे. प्रयोगशाळेंत उंदराला कांहीं दिवस त्या वनस्पतीचा अर्क पाजतात आणि मग कार्बन टेट्राक्लोराइड नांवाचें द्रव देतात. उंदराचें यकृत त्या द्रवाचे तुकडे करूं जातें, तेव्हां अर्धवट तुटलेला एक अत्यंत दाहक कण तयार होतो आणि पेशींचीं आवरणें जाळतो. अर्क पाजलेल्या उंदरांत ही नासधूस कमी झाली, कीं तो अर्क यकृतरक्षक ठरतो. हिरवा चहा, हळद, कुटकी, आवळा, भुईआवळी, दुधी काट्याचें बीं, अशा शेंकडों वनस्पति ह्या परीक्षेंत उत्तीर्ण झाल्या आहेत. ज्या शाळेंत कोणीहि नापास होत नाहीं तिच्या प्रशस्तिपत्राची किंमत काय, हा प्रश्न येथें सहज उभा राहतो.

आणि उत्तीर्ण होण्याचे मार्ग दोन आहेत. अर्क त्या दाहक कणाला गांठून निष्प्रभ करतो, हा एक. दुसरा असा कीं अर्क यकृतांतील त्या विकरालाच अडवून धरतो, म्हणजे मूळ द्रवाचे तुकडेच होत नाहींत आणि विष जन्मालाच येत नाहीं. उंदीर दोन्ही रीतींनीं वांचतो. पण दुसऱ्या रीतींत यकृताचें एक काम बंद पाडून तें वांचविलेलें असतें. त्याहून मोठी गोष्ट ही कीं उंदराला अर्क विषाच्या आधीं मिळतो. माणसाला आधीं काविळीनें, मद्यानें किंवा वर्षानुवर्षें सांठलेल्या चरबीनें गांठलेलें असतें, आणि मग तो औषधाच्या दुकानाची पायरी चढतो.

ह्या दोन परीक्षांमधील अंतर दुधी काट्याच्या कथेंत जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसरीकडे कोठें दिसत नाहीं. ही भूमध्य समुद्राच्या आसपासची कांटेरी वनस्पति. तिच्या बियांच्या अर्काला सिलिमारिन म्हणतात. युरोपांत एक अतिविषारी भूछत्र आहे, आणि खाण्याचें समजून तें खाल्लेल्या माणसाचें यकृत थोड्या दिवसांत नष्ट होऊं शकतें. सिलिमारिनमधील मुख्य द्रव्य शिरेंतून दिलें असतां तें ह्या विषाला पेशींत शिरण्याची दारेंच बंद करतें. युरोपांतील रुग्णालयांत त्याचा उपयोग होतो. येथें वनस्पति खरोखर यकृताच्या दारावर उभी आहे. परंतु तेवढ्यावरून तिला सर्व रोगांवर नेमलें, तेव्हां निकाल निराळा लागला. क प्रकारच्या विषाणूनें यकृताची जुनाट सूज आलेल्या १५४ रोग्यांवर अमेरिकेंत एक प्रयोग झाला आणि तो २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. रूढ मात्रेहून पुष्कळ मोठ्या दोन मात्रा दिवसांतून तीन वेळां, २४ आठवडे दिल्या. तिसऱ्या गटाला बाहेरून तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. अखेर तिन्ही गटांत अपेक्षित सुधारणा झालेले रोगी निघाले प्रत्येकीं दोन. पॅरासिटॅमॉलच्या अतिसेवनावर ॲसिटिलसिस्टीन हें साधें, वनस्पतीशीं संबंध नसलेलें द्रव्य मात्र पहिल्या आठ तासांत दिल्यास यकृत जवळजवळ निश्चित वांचवितें, कारण तें ग्लुटाथायोनचा रिकामा झालेला सांठा पुन्हां भरतें. खरा रक्षक असतो तो असा: एका ठरलेल्या घावावर, ठरलेल्या वेळांत.

महाराष्ट्रांत हा विषय निघाला म्हणजे काविळीच्या औषधाला वगळून पुढें जातां येत नाहीं. बहुतेक तालुक्यांत काविळीचें औषध देणारें एखादें घर असतें. ठरलेल्या वारीं, उपाशीं पोटीं, दुधाबरोबर किंवा ताकाबरोबर पाला वांटून देतात, पथ्य सांगतात, आणि पुष्कळदां पैसा घेत नाहींत. त्या घरांची सेवाबुद्धि वादातीत आहे, आणि रोगी बरे होतात ही गोष्टहि खोटी नाहीं. पण ते कशानें बरे होतात? पाण्यावाटे पसरणारी कावीळ मुख्यतः दोन विषाणूंची, अ आणि ई. दोन्हींत बहुसंख्य रोगी कांहीं आठवड्यांत आपोआप बरे होतात. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ ह्या काळांत दिल्लींत यमुनेच्या पाण्यांत सांडपाणी मिसळून काविळीची प्रचंड सांथ आली आणि सुमारें २९,३०० माणसें पिवळीं पडलीं. त्या वेळच्या रोग्यांचें जपून ठेवलेलें रक्त १९८० सालीं पुन्हां तपासलें, तेव्हां तो विषाणु अ नव्हे हें कळलें. पुढें त्याला ई हें नांव मिळालें. त्या दिल्लीकरांपैकीं बहुतेक जण कोणत्याहि खास औषधावांचून उठून कामाला लागले. जो रोग शंभरांतील बहुतेकांना सोडून आपण होऊन जातो, त्याच्यावर दिलेला कोणताहि पाला यशस्वी ठरणारच. ई विषाणु ज्यांना सोडीत नाहीं त्यांत गर्भवती स्त्रिया येतात: अखेरच्या महिन्यांत त्याची कावीळ झाली तर चारपांच जणींमागें एक दगावूं शकते. तिच्या बाबतींत पाल्यावर घालविलेला एक आठवडा परत मिळत नाहीं.

ह्याच पाल्यांतल्या भुईआवळीची एकदां फार गंभीरपणें परीक्षा झाली. ब विषाणूची गोष्ट निराळी. तो कित्येकांच्या यकृतांत कायमचा ठाण मांडून बसतो आणि पुढें यकृत आंखडणें किंवा कर्करोग ह्यांना कारण होतो. १९८८ सालीं लॅन्सेट ह्या नियतकालिकांत मद्रासच्या संशोधकांनीं जाहीर केलें कीं भुईआवळीची २०० मिलिग्रॅम पूड दिवसांतून तीन वेळां, तीस दिवस दिल्यावर ३७ पैकीं २२ वाहकांच्या रक्तांतून ह्या विषाणूची खूण नाहींशी झाली. औषध नसलेली पूड घेणाऱ्या २३ जणांत असा एकच. ही बातमी जगभर गेली आणि घरच्या अंगणांतल्या रोपट्याला मान मिळाल्याचा आनंद अनेकांना झाला. तो अनाठायीं नव्हता. पण थायलंड आणि न्यूझीलंड येथें तसाच प्रयोग करून पाहिला तेव्हां ती खूण जागची हलली नाहीं, आणि २०११ सालीं सर्व प्रयोग एकत्र पाहणाऱ्यांना खात्रीलायक पुरावा सांपडला नाहीं. मद्रासच्या संशोधकांनीं आपलें म्हणणें आंकड्यांत मांडलें, म्हणूनच तें पुन्हां तपासतां आलें. हें श्रेय त्यांना द्यावयास हवें.

येथवर जें झालें तें लाभ कमी निघाल्याचें. ज्यानें नुसता निरुपयोगी काढा घेतला त्याचे पैसे गेले, वेळ गेला; यकृत जागच्या जागीं राहिलें. पण गेल्या पंचवीस वर्षांत निराळाच प्रकार उघडकीस आला आहे, आणि तो पेल्याच्या बाबतींत नसून अर्काच्या बाबतींत आहे.

२००३ सालीं फ्रान्स व स्पेन ह्या देशांत वजन उतरविण्यासाठीं विकला जाणारा हिरव्या चहाचा एक अर्क बाजारांतून काढून घ्यावा लागला, कारण तो घेणाऱ्या कांहीं जणांच्या यकृताला सूज आली होती. त्यानंतर इतर देशांतूनहि तशाच वार्ता आल्या. त्याच पानांच्या पेल्यानें जें पिढ्यान्‌पिढ्या होत नव्हतें तें अर्कानें कां व्हावें? अमेरिकेंत रजोनिवृत्ति झालेल्या हजारांहून अधिक स्त्रियांवर एक प्रयोग झाला. तो यकृतासाठीं नव्हता, स्तनाच्या कर्करोगाला आळा बसतो काय हें पाहण्यासाठीं होता. रोज ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी असलेला अर्क वर्षभर दिला. अर्क घेणाऱ्या दर शंभरांत पांच ते सात स्त्रियांच्या रक्तांत यकृताचीं विकरें चढलीं. नुसती गोळी घेणाऱ्यांत शंभरीं एकहि नाहीं. अर्क थांबवितांच विकरें उतरलीं. रक्षणासाठीं घेतलेलें द्रव्य यकृतालाच खुपत होतें, ह्याहून स्पष्ट साक्ष मिळणें कठीण.

२०१८ सालीं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें सर्व पुरावा एकत्र पाहिला. पेल्यानें चहा पिणाऱ्या युरोपीयांच्या पोटांत रोज सरासरीनें ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी जातें, आणि त्यानें अपाय दिसत नाहीं. अर्काच्या रूपानें ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक गेलें तर यकृताचीं विकरें वाढतात. एका विशिष्ट अर्कांत तर ३७५ मिलिग्रॅमनेंहि यकृताला सूज आल्याचें नोंदलें गेलें होतें. म्हणून अमुक मात्रेपर्यंत अर्क निर्धास्तपणें घ्यावा असें सांगण्यास त्या संस्थेनें नकार दिला. २०२२ सालीं युरोपीय संघानें नियम केला कीं अर्काच्या दिवसाच्या मात्रेंत ईजीसीजी ८०० मिलिग्रॅमच्या आंत असावें, आणि उपाशीं पोटीं घेऊं नये, गर्भवतींनीं व अठरा वर्षांखालील मुलांनीं घेऊं नये, अशी सूचना वेष्टनावर छापावी.

उपाशीं पोटीं घेऊं नये, ही सूचना येथें विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे, कारण आपल्याकडील समजूत नेमकी उलट. सकाळीं अनशापोटीं घेतलेलें औषध अधिक लागू पडतें असें घरोघरीं मानतात, आणि वजन उतरवूं पाहणारा माणूस तर उपास करूनच अर्क घेतो. अनशापोटीं ईजीसीजी रक्तांत कितीतरी अधिक चढतें, हें खरें आहे. दुर्दैवानें लागू पडणें आणि बाधणें ह्या दोहोंची वाट एकच असते. पेल्यानें पिणारा माणूस दिवसभरांत थोडें थोडें, पुष्कळ पाण्याबरोबर आणि बहुधा कांहीं खाऊन घेतो. कॅप्सूल घेणारा अनेक पेल्यांतला ऐवज एका घोटांत यकृताच्या नाक्यावर आणून उभा करतो.

तरीहि एक कोडें उरतें. तोच अर्क, तीच मात्रा, मग शंभरांत थोड्यांनाच कां बाधतो? ह्याचें उत्तर अंशतः आनुवंशिकतेंत सांपडलें आहे. आपलें कोण व परकें कोण हें ओळखण्यासाठीं पेशींवर ज्या खुणा असतात, त्यांतली एचएलए बी ३५:०१ नांवाची एक खूण हिरव्या चहाच्या अर्कानें यकृत बिघडलेल्या अमेरिकन रोग्यांत शंभरीं ७२ जणांत आढळली. सर्वसाधारण लोकांत ती शंभरीं ११ जणांत होती. म्हणजे कांहीं माणसांची रोगप्रतिकारशक्तिच ह्या द्रव्याच्या निमित्तानें यकृतावर उलटते. कोणांत ही खूण आहे हें चेहऱ्यावरून कळत नाहीं. शेजारणीला मानवलें म्हणून आपल्यालाहि मानवेल, हा हिशेब येथें लागू पडत नाहीं.

विलक्षण गोष्ट अशी कीं हीच खूण पुढें हळदीच्या बाबतींत भेटली. हळदीवर कोणा मराठी माणसाला संशय येणार नाहीं, आणि फोडणींतल्या, दुधांतल्या हळदीवर तो घेण्याचें कारणहि नाहीं. चमचाभर हळदींत कर्क्युमिन हें द्रव्य थोडेंच असतें आणि त्यांतलेंहि रक्तांत फारसें उतरत नाहीं. आंतड्यांतच त्याची विल्हेवाट लागते. १९९८ सालीं बंगळुरूच्या संशोधकांनीं दाखविलें कीं मिऱ्यांतलें पायपेरीन जोडीला दिलें तर माणसाच्या रक्तांत कर्क्युमिन वीस पटींनीं अधिक चढतें. हा शोध बाजाराने तत्परतेनें उचलला आणि घनरूप कर्क्युमिन व पायपेरीन एकत्र असलेल्या गोळ्या निघाल्या. त्यानंतर अमेरिकेंतील यकृतविकारांच्या एका नोंदणी-जाळ्यानें २०११ ते २०२२ ह्या काळांत हळदीच्या अशा औषधांमुळें यकृत बिघडलेले दहा रोगी नोंदविले. त्यांपैकीं सात जणांत ती एचएलए खूण होती. एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यु झाला. शरीरानें जो माल दारांतच अडवून धरला होता, त्याला मागच्या दारानें आंत घेण्याची युक्ति म्हणजे प्रगति, असें मानण्यापूर्वीं थोडें थांबावयास हरकत नव्हती.

गुळवेलीची गोष्ट अगदीं घराजवळची आहे. कोरोनाच्या सांथींत प्रतिकारशक्ति वाढावी म्हणून पुष्कळ घरांत गुळवेलीचा काढा, रस किंवा गोळ्या रोज घेण्याचा परिपाठ पडला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्यें मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रोगी भेटले. सर्वांच्या सेवनांत गुळवेल होती आणि सूज ज्या प्रकारची होती त्यावरून शरीराची प्रतिकारशक्तिच यकृतावर उलटल्याचीं चिन्हें दिसत होतीं. हें प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयानें आक्षेप घेतला कीं गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात चुकून वापरली गेली असावी. आक्षेप वाजवी होता, कारण वेलींची ओळख पटविणें सोपें नाहीं. २०२२ सालीं देशांतील तेरा केंद्रांतून असे ४३ रोगी नोंदले गेले, आणि तेव्हां तपासलेल्या नमुन्यांत खरी गुळवेलच सांपडली. प्रतिकारशक्ति वाढविणें हा शब्दप्रयोग ऐकण्यास गोड आहे. पण ज्याच्या शरीरांत ती शक्ति स्वतःच्याच अवयवांवर वक्रदृष्टि ठेवून असते, त्याला ती वाढवून काय साधणार?

यकृताचें रक्षण खऱ्या अर्थानें करणारीं साधनें अगदीं निराळीं आहेत आणि त्यांच्यावर पानाफुलांचीं चित्रें नसतात. ब विषाणूची लस २०११ पासून देशभर सरकारी लसीकरणांत बालकांना मिळते. क विषाणूवर नवीं औषधें सुमारें तीन महिने घेतलीं तर शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रोगी पूर्ण बरे होतात. चरबीनें भरलेल्या यकृताला वजन सातदहा टक्क्यांनीं उतरलें कीं आराम पडतो. मद्याविषयीं नव्यानें सांगण्यासारखें कांहीं नाहीं. पेयांपैकींच कोणाला मान द्यावयाचा झाला तर तो कॉफीला द्यावा लागेल; ब्रिटनमधील जवळजवळ पांच लाख लोकांच्या पाहणींत, २०२१ सालीं, कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे जुनाट विकार कमी आढळले. पण तीहि पाहणीच आहे, आणि योशिमीच्या पाहणीला लावलेलीं बंधनें तिलाहि लागूं पडतात. दाक्षिणात्य मंडळींना एवढ्यानेंहि समाधान वाटेल.

हिरवा चहा ज्याला आवडतो त्यानें तो जेवणानंतर कांहीं वेळानें, दोनतीन पेले खुशाल प्यावा. अर्क, सत्त्व, कॅप्सूल किंवा रोजचा काढा घेत असतांना अन्नावरची वासना उडाली, मळमळूं लागलें, अंगाला खाज सुटली, लघवी गडद पिवळी होऊं लागली, तर तें औषध त्याच दिवशीं बंद करून रक्ताची तपासणी करून घ्यावी. बहुतेकांचें यकृत कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत् होतें. पण बरें वाटल्यावर तोच अर्क पुन्हां सुरू केला, तर इजा पहिल्यापेक्षां लवकर आणि अधिक जोराची होण्याचा धोका असतो. डॉक्टरांनीं कोणतीं औषधें चालूं आहेत असें विचारलें म्हणजे रोगी बहुधा रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी सांगतो. काढा, चूर्ण, परदेशांतून मुलानें पाठविलेली बाटली हीं त्याच्या लेखीं औषधें नसतात, म्हणून तीं सांगितलीं जात नाहींत. तीं सर्व वेष्टनांसकट पिशवींत घालून बरोबर न्यावीं. वेलीचा तुकडा कोणी आणून दिला असेल तर तोहि न्यावा, म्हणजे ती गुळवेलच आहे कीं दुसरी कांहीं, हें निदान पाहतां तरी येईल.